अंगठ्याखालचं विधान

निपाणीहून बेळगावला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती संकेश्वरला चढायची आणि जागा असली की माझ्याशेजारी बसायची. तिशीकडं झुकलेली, अजून नोकरीच्या परीक्षा देणारी. नाव मी कधी विचारलं नाही. बसल्याबसल्या ती सरावाचं पुस्तक उघडायची. त्यात वर एक प्रश्न असे आणि खाली दोन विधानं. उत्तर द्यायला कुठलं विधान पुरतं, एवढंच सांगायचं. पहिलं वाचताना ती दुसऱ्यावर अंगठा दाबून धरायची. म्हणायची, "दोन्ही एकदम बघितली की चुकतंय, आक्का."

एकदा प्रश्न होता पाच जणांच्या समितीचा. ठराव बहुमतानं मंजूर झाला का? पहिलं विधान, तिघांनी ठरावाच्या बाजूनं मत दिलं. दुसरं मी तिच्या अंगठ्याआधी वाचून टाकलं होतं. एका सदस्याचं मत घेतलेलंच नाही.

"मग ते बघायला नको?" मला उगीचच राग आला.

"तिघं झाली की झालं. पहिलं एकटंच पुरतंय." मग बाहेरच्या उसाकडं बघत ती म्हणाली, "आमच्या घरात बी पाचजणंच. काल आप्पा, आई आणि भाऊ म्हणाली, क्लास लई झाला, आता लग्न. वहिनी खाली बघत बसली."

"आणि तुला विचारलं?"

बेळगाव आलं तरी दुसऱ्या विधानावरचा अंगठा तिनं उचलला नाही.