लागलेला डबा उताणा

थिएटरात सगळे त्याला ऑपरेटर म्हणत. कॅन्टीनवाला मात्र पाठीमागे ‘वरचा’ म्हणे, कारण हा माणूस बत्तीस वर्षं लोखंडी जिन्याच्या वर, दोन मशीनच्या मधोमध उभा होता आणि खाली उतरायचा तो फक्त चहाला किंवा भांडायला. सिनेमाची सात रिळं, त्यांचे सात पत्र्याचे डबे. एका मशीनवर एक रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसला की हे बंद, ते चालू. खाली बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागता कामा नये. हे काम त्याच्या हातचा मळ होतं आणि त्याचा त्याला चांगलाच माज होता. डब्यावरची चिठ्ठी तो कधी वाचायचा नाही. “चिठ्ठ्या वाचूनच रिळं लावायची तर ऑपरेटर कशाला, पोस्टमन ठेवा,” म्हणायचा. त्याची खूण एकच: लागलेला डबा उताणा, न लागलेला पालथा. एवढ्यावर बत्तीस वर्षं निघाली होती.

मग तो परग्रहाचा सिनेमा आला. असले सिनेमे म्हणजे ऑपरेटरच्या मते पोरखेळ. त्यात एका उजाड ग्रहावर एक यंत्रमानव एका अनाथ मुलीला वाढवतो. तिला श्वासाला हवा पुरवणारं मशीन बंद पडायला लागतं, तेव्हा तो स्वतःच्या आठवणी एकेक करून पुसतो आणि वाचलेली वीज तिच्या हवेला देतो. आधी ताऱ्यांची नावं जातात, मग अंगाईचे शब्द, मग मुलीचं नाव. आणि सहाव्या रिळाच्या शेवटाकडे तो तिच्याकडे बघून अगदी सभ्यपणे विचारतो, “बाळ, तू कोणाची गं?”

इथे अख्खं थिएटर रडायचं. बायाबापड्यांचं सोडा, दांडगे मिशीवाले बाप्ये चष्मे काढून डोळे पुसायचे. डोअरकीपरने तर शेवटचे दिवे दोन मिनिटं उशिरा लावायचं ठरवून टाकलं होतं, लोकांना तोंड सावरायला वेळ मिळावा म्हणून. “सख्खा मामा गेला तेव्हा इतके रडले नसतील हे,” तो म्हणायचा, “आणि आता पत्र्याच्या डब्यासाठी!” स्वतःचं नाक पुसतच म्हणायचा.

ऑपरेटर रडला नाही. तो घाबरला. पहिल्याच दिवशी त्या वाक्याला तो काचेपासून मागे सरला, कारण हे वाक्य त्याने आधी ऐकलेलं होतं. त्याचे वडील घड्याळजी होते. एके दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलं आणि संध्याकाळपर्यंत नुसते त्या चाकांकडे बघत बसले. तिथून सुरुवात झाली. मग दिवसभर एकच प्रश्न, “किती वाजले रे?” सांगितलं की पुन्हा तोच. ऑपरेटर तेव्हा तरुण होता, तापट होता, चौथ्या खेपेला ओरडायचा. आणि एका दुपारी वडिलांनी त्याला विचारलं, “तुम्ही कोणाचे?” तो कामावरून दमून आला होता. म्हणाला, “कोणाचा नाही. शेजारचा.” वडिलांनी मान डोलावली, बसायला खुर्ची दिली. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, आणि आता ती राहिली नव्हती.

आता पाळी त्याची होती, असं त्याला वाटत होतं. चष्मा तेलाच्या कॅनमागे सापडायचा. ‘कात्री’ हा शब्द एकदा अर्धा तास आठवेना, हातात कात्री घेऊन उभा. मागच्या महिन्यात तर स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी क्षणभर कळेना, डावीकडे की उजवीकडे. घरी तो आणि लेक, दोघंच. लेक त्याच थिएटरात तिकीट खिडकीवर बसायची. तिला कळता कामा नये, एवढं एकच त्याने मनाशी धरलं होतं. आपण आपल्या बापाला काय उत्तर दिलं ते त्याला पक्कं आठवत होतं. नेमकं तेवढंच काही विसरायला होत नव्हतं.

म्हणून त्याने एक युक्ती काढली. चौथं रीळ संपलं, पुढचं सुरू झालं, चित्र नीट बसलं की केबिनच्या काचेवरची झडप बंद. मशीनच्या घरघरीत आवाज बुडून जायचा. फक्त ठिपक्यापुरती झडप उघडायची आणि कोपऱ्याशिवाय कुठे बघायचं नाही. भिंतीपलीकडून रडं तेवढं ऐकू यायचं. तीनच्या खेळाला ते पाचला पाच कमी असताना यायचं, घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमकं.

गेल्या दोन आठवड्यांत दोन विचित्र गोष्टी घडल्या होत्या. एक म्हणजे मॅनेजर वर येऊन म्हणाला, “प्रिंटचं झालं का ठीक? तुमची लेक सांगत होती, डबे वितरकाकडूनच उलटसुलट आले होते.” ऑपरेटरला काही कळलं नाही, पण कळलं नाही म्हणायचीही चोरी, म्हणून “झालं, झालं” करून त्याने वेळ मारून नेली. दुसरी म्हणजे एका सकाळी सातही डब्यांवर कोणीतरी खडूने मोठाले आकडे काढून ठेवले होते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाला त्याची परीक्षा घ्यायची होती? त्याने ओल्या फडक्याने सगळे आकडे पुसून टाकले.

त्या दिवशी तीनचा खेळ भरलेला होता. चौथं रीळ उतरलं, दुसरं मशीन सुरू झालं, झडप बंद झाली. तो पुढचं रीळ चढवून स्टुलावर बसला. आणि भिंतीपलीकडून रडं आलं.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. चार पस्तीस.

घड्याळ मागे पडलं असेल, ही पहिली आशा. त्याने मनगटावरचं पाहिलं, तेही चार पस्तीस. मग त्याने झडप उघडली. पडद्यावर यंत्रमानव मुलीकडे मान वाकडी करून बघत होता, आणि ओळख त्याच्या डोळ्यांतून गेलेली होती. ऑपरेटर मागे फिरला. फळीवर सगळेच डबे उताणे होते, लागलेले म्हणून. त्यातला एक उघडला तर रीळ जसंच्या तसं आत, हात न लावलेलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. पाच. म्हणजे मशीनवर सहा चालू होतं, आणि पुढे चढवलेलं होतं ते सात.

पाचेक मिनिटं हातात होती. सात लावलं असतं तर कदाचित कोणालाच कळलं नसतं, वीस मिनिटं गिळून सिनेमा संपला असता. पण लोकांचा सिनेमा कापणं त्याला जमेना. त्याने सात उतरवलं, पाच चढवलं. बोटं चुकली नाहीत, फिल्म आपली आपण मशीनच्या दात्यांवर बसली. डोकं दगा देत होतं आणि हात प्रामाणिक होते, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

ठिपका आला. पाच सुरू झालं. आणि पडद्यावर तोच यंत्रमानव मुलीचे केस विंचरत तिला तिच्या नावाने हाक मारू लागला, एकेक तारा दाखवून नाव सांगू लागला. खालून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “अरे, आठवलं त्याला!” आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं. ऑपरेटर काचेला नाक लावून उभा होता. माणसं हसत होती, रडत होती, शेजाऱ्याच्या पाठीवर थापा मारत होती. आपण केलेली चूक इतकी सुंदर दिसते आहे हे तो बघत राहिला. वीस मिनिटं. मग सात लागलं, यंत्रमानव खुर्चीत रिकामा बसलेला दिसला, आणि टाळ्या वाजवणारी तीच माणसं चिडीचूप झाली.

खेळ सुटला. “मधलं काही समजलं नाही बुवा, पण रडवलं,” असं म्हणत लोक पांगले. मॅनेजर त्याच्या खोलीत घोरत होता. सुटलो, असं ऑपरेटरला वाटलं, आणि तेवढ्यात लोखंडी जिना वाजला.

लेक होती. खिडकी बंद केली की ती रोज दाराशी उभी राहून तो प्रसंग बघायची, हे त्याला माहीत होतं. तिचे डोळे सुजले होते. तो तिच्याकडे पाठ करून मशीन पुसायला लागला.

“आज जरा चूक झाली,” तो म्हणाला. “गर्दी होती ना. पहिल्यांदाच झालं असं.”

त्याने वळून पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “ही तिसरी वेळ आहे.”

फडकं त्याच्या हातातच राहिलं. पहिली, दुसरी, तो डोक्यात धुंडाळत राहिला. तिथे काहीच नव्हतं. नुसतं अंधुकही काही नव्हतं.

“मॅनेजरला मीच सांगितलं, डबे उलटसुलट आले म्हणून,” ती म्हणाली. “आकडेही मीच काढले होते.”

“तेव्हा मी... तेव्हा मी काय म्हणालो होतो तुला?”

“हेच. गर्दी होती, पहिल्यांदाच झालं.”

तो स्टुलावर बसला. त्याची पाचावर धारण बसली होती. लपवायला आता काही उरलं नव्हतं, आणि लपवण्यातच त्याचा सगळा आधार होता. “माझ्या वडिलांनी मला एकदा विचारलं होतं,” तो म्हणाला, आणि ‘शेजारचा’ म्हटल्याची गोष्ट त्याने लेकीला सांगून टाकली. खाली बघत सांगितली. तिने ऐकून घेतली. मग खिशातून खडू काढून तिने सातही डब्यांवर पुन्हा आकडे काढले. या वेळी त्याने पुसले नाहीत.

सहाच्या खेळाला खिडकी बंद करून ती वर आली. ती आकडा वाचायची, तो रीळ चढवायचा. चौथं संपल्यावर त्याचा हात झडपेकडे गेला तेव्हा तिने तो धरला. “असू दे उघडी.” पाचवं गेलं, सहावं लागलं. यंत्रमानव तारे विसरला, शब्द विसरला, आणि त्याने मुलीला विचारलं, “बाळ, तू कोणाची गं?” खालून रडं उसळलं. ऑपरेटरने पूर्ण प्रसंग पाहिला, लेकीचं मनगट घट्ट धरून.

“पुढचा डबा कुठला?” त्याने विचारलं.

“सात,” ती म्हणाली.

“माहितीये मला.” त्याने रीळ चढवलं, फिल्म ओवली, काचेतून कोपऱ्याकडे बघत ठिपक्याची वाट बघत राहिला. मग म्हणाला, “पुढचा डबा कुठला गं?”

लेकीने त्याच्याकडे पाहिलं आणि मघाच्याच आवाजात सांगितलं, “सात, बाबा.”