नलूच्या प्रवाळांना लागलेला माझा हात

मे महिन्यातल्या एका सकाळी साडेसहाच्या एसटीने मी कोल्हापूर सोडलं. निशा, अमेय, तुम्ही अमेरिकेला परत गेल्याला आठवडा झाला होता आणि घरात आवरायला काही उरलं नव्हतं. बॅगेत चार सुती साड्या, गोळ्यांची डबी, आलेपाकाच्या वड्या आणि ही वही. सामानाची यादी झाकणाला आतून चिकटवली होती.

तिकीट फाडताना कंडक्टरने विचारलं, “मावशी, मालवणला मासं खायाला व्हय?”

मी म्हणाले, मासे नव्हे, प्रवाळ बघायला. त्याने थोडा विचार केला. “त्ये बी खात्यात?”

कळे गाव मागे पडलं, ऊस संपला आणि गगनबावड्याला धुकं लागलं. घाटात शेजारच्या बाईंना मळमळू लागलं. वड्या त्यांच्या कामी आल्या.

खरं सांगायचं तर मी प्रवाळ नव्हे, नलूला बघायला निघाले होते. नलू पेठ वडगावची, शेतकऱ्याची मुलगी. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वर्गात मी पहिली, ती दुसरी. तीन वर्षं हा क्रम बदलला नाही. पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मलाच मिळाली होती. त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं. मी नकार कळवला आणि ती जागा दुसरीला, म्हणजे नलूला गेली. तुमच्या आजोबांचा यात दोष नाही; मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. नलू समुद्राची शास्त्रज्ञ झाली. मी शिवाजी पेठेतल्या एका शाळेत जन्मभर बेडकाचं हृदय शिकवलं.

मालवणच्या धक्क्यावर ती उभी होती. पांढरे केस मुलासारखे कापलेले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. लांबूनच ओरडली, “शाले, किती जाड झालीस गं!” चाळीस वर्षांत मला कुणी शाली म्हटलं नव्हतं. माणसं वळून बघत होती. तिला मात्र जो तो नमस्कार करत होता, आणि हे मी मोजत होते.

जेवायला बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं घट्ट कालवण) आणि सोलकढी होती. मनातल्या मनात मी आपल्या पांढऱ्या रश्शाला जास्त गुण दिले.

दुसऱ्या दिवशी दाजी नावाच्या तिच्या नावाड्याने आम्हाला होडीतून नेलं. तळाला काच बसवलेला डबा पाण्यात धरून खाली बघायचं. तपकिरी, हिरवट प्रवाळांमध्ये एक मोठा गोळा पांढराशुभ्र दिसला. मी म्हणाले, हा किती स्वच्छ आहे.

“स्वच्छ न्हाय शाले, उपाशी हाय,” नलू म्हणाली.

मग तिने समजावलं, ते तुमच्यासाठी लिहिते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, इवल्याइवल्या जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्यांना रंग देतं आणि बरंचसं अन्नही. समुद्र फार तापला की हे शेवाळ निघून जातं. प्रवाळ पांढरं पडतं, आणि पाणी लवकर निवलं नाही तर मरतं. अठ्ठ्याण्णव साली जगभर असं झालं. पण उथळ, तापणाऱ्या पाण्यातले काही प्रवाळ तग धरतात. नलू त्यांचे तुकडे आणि खोल पाण्यातल्यांचे तुकडे शेजारीशेजारी वाढवून बघणार होती. ताप सोसणारे खरोखर वेगळे निघाले, तर मेलेल्या जागी तेच लावता येतील. त्याच दुपारी तुकडे समुद्रात उतरवायचे होते. पावसाळ्याआधीची ती शेवटची होडी. ती चुकली की वर्ष गेलं.

परतल्यावर दाजी होडीत तुकडे बांधायच्या चौकटी भरू लागला. नलूच्या शेडमध्ये समुद्राच्या पाण्याचा मोठा ट्रे होता, त्यात तुकडे वेडेवाकडे मांडलेले. ट्रेच्या तळाला मधून रंगाची एक रेघ. नलू फोन घ्यायला बाहेर गेली. ती कुणाशीतरी इंग्रजीत बोलत होती, माझ्यापेक्षा वाईट उच्चारात, आणि पलीकडचा माणूस तिचं ऐकून घेत होता. मी बाही वर केली आणि तुकडे नीट लावले, लहानापासून मोठ्यापर्यंत, सरळ ओळींत. रेघ मला दिसली होती. तरीही लावले. या कामात माझाही हात हवा होता.

नलू आत आली आणि ट्रेपाशी थांबली. रेघेच्या अलीकडे उथळचे, पलीकडे खोलचे. एवढीच त्यांची ओळख होती, बिल्ले अजून बांधायचे होते. तिने दाजीला हाक मारली आणि तुकडे कुणी हलवले म्हणून त्याला फैलावर घेतलं.

“माका म्हायत नाय बाई. मी हात लावूक नाय,” तो म्हणाला. तिचा विश्वास बसला नाही. उद्यापासून येऊ नकोस, असं ती म्हणाली, तोवर मी गप्प होते. ते गप्प राहणं मला या सगळ्यापेक्षा जास्त लागतं.

“नलू, मी आवरलं,” मी म्हणाले.

मग तिने आधी दाजीची माफी मागितली, हात जोडून. माझ्याकडे वळून म्हणाली, “कायम पयली आलीस. एकदा नापास झालीस म्हंजी काय मरत न्हाईस. बस, बांधाय लाग.”

तुकडे फेकायचे नाहीत, जगतील तेवढे जगू देत, असं तिचं म्हणणं. दुपारभर आम्ही तिघं ते चौकटींना बांधत होतो. दाजीने मला गाठ दोनदा सोडून पुन्हा मारायला लावली. चौकटी समुद्रात उतरवल्यावर नलूने नोंदवहीत लिहिलं: शालनच्या चौकटी, मूळ ठिकाण अज्ञात.

घरी आल्यावर आजोबांना मी एवढंच सांगितलं, प्रवाळ लावायला मदत केली.

दिवाळीनंतर नलूचं पत्र आलं. शालनच्या चौकटींवरचे निम्म्याहून जास्त तुकडे जिवंत आहेत, पण ते कुठले हे ठाऊक नसल्यामुळे त्यावरून काहीच सांगता येत नाही. मे महिन्यात ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार आहे. वाचून मला आधी आनंद झाला, माझे जगले म्हणून. मग हिशेब लागला. शिष्यवृत्तीची ती जागा मी सोडली नसती तर मी हे सगळं नलूपेक्षा नीट केलं असतं, असं मी जन्मभर धरून चालले होते. आणि सदुसष्टाव्या वर्षी, समुद्र तापत असताना, मी तिचं एक अख्खं वर्ष घेतलं.

हेवा गेला असं लिहिलं तर खोटं होईल. आज संध्याकाळी आजोबांना खरं सांगितलं. तुम्हाला लेखी सांगते आहे, म्हणजे नंतर मला ते पुसता येणार नाही.