शिंप्याची विहीर

महाराष्ट्र झाला त्या सुमारास मी बोरी अरबला मास्तर होतो. तिथल्या इतिहास मंडळाचे चिटणीस गावचे शिंपी होते. गळ्यातली टेप काढून ते देवळाचा उंबरठा मोजत, पडका बुरूज मोजत. कोणी जुनी गोष्ट सांगितली, की त्यांचा एकच प्रश्न असे, "तुमी सोता पाह्यलं का?" या प्रश्नापायी निम्मे म्हातारे बैठकीला येईनासे झाले होते.

गावातली मोठी विहीर मात्र शिंप्याची म्हणूनच ओळखली जाई. ती त्यांच्या पणजोबांनी बांधली, असं मंडळाच्या वहीत पहिल्याच पानावर होतं.

एका बैठकीला जवळच्या बंजारा तांड्याचा म्हातारा नायक आला. म्हणाला, "हे इहीर आमच्या लोकायनं बांधली, मिठाच्या गोण्या वाहनाऱ्या बैलायसाठी. खाली दगडावर लादलेला बैल कोरला हाये."

वैशाखात पाणी तळाला गेलं, तेव्हा शिंपी दोर धरून एकटेच उतरले. वरून कोणालाच काही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळानं ते वर आले, ओली टेप पिळली आणि म्हणाले, "बैल हाये. साडेनऊ इंच."

मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "काहून सांगितलं? कोण गेलतं खाली पाह्याले?"

"मी गेलतो ना, मास्तर."

वहीतलं पहिलं पान त्यांनी त्याच दिवशी बदललं. गाव काही बदललं नाही. दुकानात कोणी शिंप्याची विहीर म्हटलं, की ते मशीन थांबवून म्हणत, "नायकाची."