मार्चमधली दिवाळी

माझा भाऊ हरावा म्हणून माझी आई दरवर्षी देवापुढे दिवा लावायची.

सख्खी आई. सख्खा भाऊ.

काल दुपारी निखिल गेला. आई-बाबांच्या ॲन आर्बरच्या घरी, त्यांच्यासमोर. पॅनक्रियाजचा कॅन्सर होता. सगळ्यांना फोन करणं जमत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

निखिल कॉलेज बास्केटबॉलचा असिस्टंट कोच होता. शेवटपर्यंत असिस्टंटच.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी काका हमखास विचारायचे, "मग हेड कोच कधी होणार?"

हा हसून म्हणायचा, "काका, समबडी हॅज टु होल्ड हिज कोट."

ते अक्षरशः खरं होतं. हेड कोच चिडून रेफरीच्या अंगावर धावून जायला लागला, की मागून त्याचा कोट धरून त्याला जागेवर आणायचं काम निखिलचं.

आई पहिल्यांदा मॅच बघायला गेली तेव्हा तिला एवढंच दिसलं.

"एवढं शिकून हा त्या माणसाचा कोट धरतो?"

"अगं, त्याने धरलं नसतं तर फाउल बसला असता," बाबा म्हणाले.

"बसू दे की!"

समोरच्या टीमचे व्हिडिओ रात्रंदिवस बघणारा निखिल. मॅचच्या आधी बास्केटखाली उभं राहून मुलांना पुन्हा पुन्हा बॉल परत देणारा निखिल. हे आईला कधी दिसलं नाही. खरं सांगायचं तर कुणालाच दिसत नाही.

आणि नोकरीचा भरवसा शून्य. हेड कोचला काढलं, की त्याच्याबरोबर असिस्टंटनाही नारळ. हा बॅग भरणार, गाडीत टाकणार आणि दुसऱ्या स्टेटमध्ये जाणार. आयोवा, ओहायो, पेनसिल्व्हेनिया.

भाऊबीजेची ओवाळणी म्हणून मला दरवेळी नव्या टीमचा टी-शर्ट. तोही खेळाडूंच्या मापाचा! माझ्या क्युपर्टिनोच्या घरातल्या कपाटात त्याचं सगळं करिअर घड्या घालून ठेवलंय.

पण आमची भाऊबीज असायची मार्चमध्ये.

कारण बास्केटबॉलचा सीझन नेमका दिवाळीच्या तोंडावर सुरू होतो. पहिल्या वर्षी हा आला नाही, तेव्हा आईने फराळाला हातच लावला नाही. दुसऱ्या वर्षी तिने ठरवलं, की तो येईल तेव्हा दिवाळी.

मग चकल्या-करंज्या फ्रीझरमध्ये. अंगणात गुडघाभर बर्फ आणि पोर्चमध्ये आकाशकंदील. एका वर्षी तर कंदील आणि गुढी शेजारी-शेजारी लागली. समोरच्या बाईंनी विचारलं, "इज धिस अ न्यू हॉलिडे?" बाबा म्हणाले, "ओन्ली इन अवर हाउस."

आता अडचण अशी, की टीम जिंकत राहिली की सीझन लांबतो. हरली की मुलगा घरी.

म्हणून तो दिवा.

बाबा लॅपटॉपवर मॅच लावून ओरडणार, "डिफेन्स! डिफेन्स!" आणि आई आत हात जोडून बसणार, हरू दे रे बाबा एकदाचे.

मग निखिलचा फोन. "आई, वी लॉस्ट."

"बरं झालं. ये घरी."

दरवर्षी हेच. तो खो खो हसायचा. टीममधल्या मुलांनाही सांगायचा, माय मॉम इज द अदर टीम्स बिगेस्ट फॅन.

गेल्या सप्टेंबरमध्ये त्याचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी फार आशा दिली नाही. तो म्हणाला, एवढा सीझन करतो. आम्ही भांडलो. मी सगळ्यात जास्त. पण तो ऐकणाऱ्यातला नव्हताच.

किमो घ्यायचा आणि प्रॅक्टिसला जायचा.

आणि आईचा देव बदलला. म्हणजे देव तोच, मागणं बदललं. एकदा फोनवर मला म्हणाली, "मॅच आहे म्हणून तो सकाळी उठतोय गं. सीझन संपला की उठणार नाही."

तेव्हापासून ती जिंकण्यासाठी दिवा लावायला लागली. बाबांच्या शेजारी बसून मॅच बघायला लागली. फाउल बसला की कळवळायला लागली.

आणि ती टीम जिंकत गेली. अगदी मार्चच्या मोठ्या टूर्नामेंटपर्यंत. निखिलच्या करिअरमध्ये पहिल्यांदाच.

त्या मॅचला त्याला उभं राहवत नव्हतं. खुर्चीतून हात पोचणार कसा? तर हेड कोच स्वतःच त्याच्या खुर्चीला टेकून उभा राहिला. सगळी मॅच. निखिलने कोट धरून ठेवला होता. टीव्हीवर ते दिसलं आणि बाबा उठून आत गेले.

हरले.

फोन आला. स्पीकरवर होता.

"आई, वी लॉस्ट."

आई रडायलाच लागली.

"आई. बोल ना. बरं झालं म्हण."

ती हुंदके देत राहिली.

"म्हण ना गं."

"बरं झालं," ती म्हणाली. "ये घरी."

तो आला. कंदील लागला. तो रिक्लायनरवर पडलेला असतानाच मी त्याला ओवाळलं. अर्धी करंजी खाल्ली त्याने, आमच्यासाठी. मग मला टी-शर्ट दिला. "ताई, धिस वन इज अ टूर्नामेंट शर्ट, ओके? रोज घाल."

घातलाय रे. आत्ता अंगावर तोच आहे.

आज पुण्याहून मावशीचा फोन आला. "फार हाल झाले गं पोराचे. सुटला. बरं झालं." तिने मायेनेच म्हटलं. आईने फोन माझ्या हातात दिला.

सुतक आहे, त्यामुळे आज देवापुढे दिवा नाही. त्याचा रिक्लायनर होता तिथे जमिनीवर एक दिवा लावलाय. आई दुपारपासून त्याच्यासमोर बसलीय.

दिव्यासमोर बसून ती काहीच मागत नाहीये, असं आज पहिल्यांदाच बघतेय.

नीट जा रे, निखिल.

तुझी ताई