गाडी पुण्यात, मामू अंकुशनगरात

ड्रायव्हरमामू संगणकावरच्या खेळातही लाल दिव्याला थांबायचे. रस्ता रिकामा, मागेपुढे कुणी नाही, आणि दंड करणारा पोलीस तर त्या खेळात मुळातच नव्हता. तरी मामू थांबायचे आणि दिवा हिरवा होईपर्यंत शांत बसून राहायचे. मी एकदा म्हटलं, "मामू, खेळ आहे हा. जाऊ द्या पुढं." पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "इथं सवय मोडली तर रस्त्यावर कुठून आनू?" रस्त्यावर ते आता कधीच गाडी चालवणार नव्हते. शुगरमुळे त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता.

मामू आमच्या अंकुशनगरचे. तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. हंगामात कारखान्याला ऊस आणायचा आणि एरवी जालन्याहून लोखंडी सळया भरून हैदराबादपर्यंत जायचं. माझे वडील कारखान्यात फिटर होते, आणि मामूंचं घर कॉलनीच्या मागच्याच गल्लीत. त्यांच्या घरात उर्दू, आमच्या घरात मराठी, गल्लीत दोन्हींची मिसळ. सगळी कॉलनी त्यांना मामू आणि त्यांच्या बायकोला मुमानी म्हणायची. मला सायकल, मोटारसायकल आणि शेवटी जीप मामूंनीच शिकवली. शिकवताना ते कधी ओरडले नाहीत. गाडी खड्ड्यात घातली तर एवढंच विचारायचे, "गाडीची गलती न्हाई. तू कुठं बघून राह्यल्ता ते सांग."

पुढे मी पुण्याला संगणकाच्या नोकरीत लागलो. एक वर्ष असं आलं की ऑफिसनं सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हा मी माझा मोठा संगणक उचलून अंकुशनगरला घेऊन आलो. मामूंचा पाय जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. ते दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मुमानी आईपाशी रडायच्या. एका संध्याकाळी मी त्यांना आमच्याकडे आणलं, ट्रक चालवायचा एक खेळ सुरू केला आणि हातात धरायचं बटणांचं यंत्र त्यांना दिलं. एका बटणाला ॲक्सिलेटर, दुसऱ्याला ब्रेक. मामूंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "म्हंजी पायाचं काम आंगठ्यानं करायचं," ते म्हणाले. "आंगठे तर दोन्ही शाबूत हायेत." मग बिस्मिल्ला म्हणून त्यांनी गाडी काढली. तासाभरात त्यांनी तो लांबलचक ट्रेलर दोन खांबांच्या मधून एका दमात मागे घेतला. मला ते महिनाभर जमलं नव्हतं.

त्या दिवसापासून मामू रोज पाचला हजर. अंघोळ केलेली, खाकी शर्टाला इस्त्री. निघताना मुमानींना सांगायचे, "ड्युटीवर चाललो." वळण आलं की इंडिकेटर द्यायचे, समोरून गाडी आली की दिवे खाली करायचे. घाट उतरताना त्यांचा नसलेला पाय जमिनीकडे दाबला जायचा. ते पाहिलं की मी दुसरीकडे बघायचो.

वर्षभरानं ऑफिसनं परत बोलावलं. संगणक मला सोबत न्यायचाच होता. मीच म्हणालो, "मामू, काळजी करू नका. संगणक पुण्यात राहील, तुम्ही इथं मोबाइलवर चालवा. चित्र नेटवरून तुमच्याकडे येतं, तुम्ही बटण दाबलं की ते तिकडं जातं."

मामूंनी विचारलं, "म्हंजी गाडी पुण्यात आन् स्टेअरिंग अंकुशनगरात?"

"तसंच."

"आन् ब्रेकचा निरोप पोचायला टाइम लागला तर?"

"फार नाही लागत, मामू. पापणी लवते तेवढाच."

"घाटात पापणी लवली म्हनूनच मानसं जातात बेटा," ते म्हणाले, पण हसले.

मला आजही कुणी विचारलं की असला दुसरीकडचा खेळ मोबाइलवर आणून खेळण्यात काही अर्थ आहे का, तर मी हो म्हणतो. कारण मामूंच्या बाबतीत ते खरंच चाललं. कधी चित्राचे चौकोन व्हायचे, कधी आवाज आधी आणि ट्रक मागून यायचा. मामूंनी त्याचाही अभ्यास केला. ब्रेक नेहमीपेक्षा आधी दाबायचा, वेग चाळिसाच्या वर न्यायचा नाही. "माल भरलेली गाडी अशीच असती," ते फोनवर सांगायचे, "तिला आधी सांगून ठेवावं लागतं." एकदा मी गावी गेलो तेव्हा तेच चित्र त्यांच्या टीव्हीवर लावून दिलं. पडदा मोठा झाला, पण उशीरही वाढला. मामूंनी दहा मिनिटांत टीव्ही बंद करायला लावला. "हितं मी वळल्यावर गाडी वळायचा विचार करती. मोबाइलच बराबर हाय."

या खेळापायी मोबाइलचं दिवसाचं नेट संपायचं. मुमानी रोज संध्याकाळी परभणीला दिलेल्या मुलीशी व्हिडिओवर बोलायच्या, ते त्यांनी बंद केलं आणि साध्या फोनवर आल्या. हे मला आईनं सांगितलं. मी ऐकलं आणि विसरून गेलो.

पुढचं सांगायला मला जड जातं. मामू खेळत असले की माझा संगणक अडकून राहायचा. माझं काम लवकर सकाळी सुरू व्हायचं आणि साडेचारला संपायचं. माझ्या मित्रांची एक टोळी जमली, तेही पाचलाच खेळायला बसायचे. पहिले काही दिवस मी त्यांना नाही म्हटलं. मग एका दिवशी, ज्या ॲपमधून मामू माझ्या संगणकाला जोडले जायचे, त्यातली त्यांना दिलेली परवानगी मी तेवढ्यापुरती काढून घेतली. पाच वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"बेटा, गाडी सुरू होऊन न्हाई राह्यली."

कानाला लावलेल्या यंत्रात मित्र ओरडत होते. मी म्हणालो, "मामू, तिकडं रेंज नसेल. नेटचा प्रॉब्लेम आहे तुमच्याकडं."

"असंल," ते म्हणाले. "तू तुझं काम कर."

तेच दुसऱ्या दिवशी, तेच आठवडाभर. नंतर मामूंनी फोन करायचं सोडलं आणि मला कारणही सांगावं लागेना. रविवारी तेवढी मी परवानगी देत असे आणि स्वतःला चांगला माणूस समजत असे. दोन महिने असे गेले. मग आईचा फोन आला. मामू रोज पाचला कुबड्या घेऊन कारखान्याच्या गेटपर्यंत चालत जात होते, तिथे रेंज चांगली मिळते म्हणून. जाऊन येऊन नव्यानं बसवलेला लाकडी पाय घासला, कापलेल्या जागी जखम झाली, ती चिघळली. त्यांना जालन्याला दवाखान्यात ठेवलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. मुमानी डबा धुवायला बाहेर गेल्या होत्या. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर मामू बसलेले. मी पायाकडे बघत उभा राहिलो आणि म्हणालो, "मामू, रेंजचं..."

"माहीत हाय," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी उशीखालचा मोबाइल काढून मला दाखवला. त्या ॲपमध्ये त्यांच्या यादीत एकच नाव होतं, माझं. माझा संगणक सुरू असला की त्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. "रेंज नसती तर ह्यो ठिपका दिसला नसता ना," मामू म्हणाले. "पैल्याच दिशी समजलं. पोरगं खेळून राह्यलं. खेळू दे म्हनलं, दिवसभर काम करतं."

"मग तुम्ही गेटपर्यंत कशाला जायचे, मामू?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, मुमानी येत नाहीत याची खात्री केली. "ही रोज इचारायची, आज ड्युटी न्हाई का. तुझी आई बी इचारायची. त्यांना काय सांगू, तू बंद करून ठेवलं म्हनून? रेंज न्हाई म्हनलो. आन् एकदा रेंज न्हाई म्हनलं की मंग मानसानं रेंज शोधायला जायाला पायजे. न्हाईतर कोन खरं मानंल?"

ते रागावून बोलले असते तर मी पाय धरले असते. त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं आणि पुण्यात गर्दी किती वाढली ते विचारलं. मी बसलो आणि उत्तर देत राहिलो. माफी मागायचं सुचलं तेव्हा मुमानी डबा पुसत आत आल्या होत्या.

त्यांना घरी सोडल्यावर पुढच्याच रविवारी मी संगणक गाडीत घालून अंकुशनगरला आणला आणि मामूंच्या पलंगासमोर मांडला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. सात-आठ आठवडे ते त्यावर खेळले, रोज पाचला, इस्त्रीचा शर्ट घालून. जखम मात्र भरली नाही. विष अंगात पसरलं आणि दिवाळीच्या आधी मामू गेले.

मातीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर माणसं बसली होती, परभणीची मुलगी आली होती, माझी आईही होती. मुमानींनी मला जवळ बोलावलं आणि मुलीला सांगू लागल्या, "ह्या पोरानं लई केलं तुझ्या अब्बासाठी. आपल्या इथं नेटच धड न्हाई, त्याला हा तरी काय करनार. न्हाईतर यानं त्यांना रोज गाडी चालवायला दिली असती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीने माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला. खरं बोलायला ती जागा होती, वेळही होती. मी पेला घेतला आणि मान हलवली, हो म्हणून.