चौथी गाय आणि तीन नंबरचा फोटो

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. म्हणजे मधले काही दिवस मी अमळनेरला सासुरवाडीला होतो, पण म्हणून काय झालं? ज्यांनी पाहिलं त्यांच्यापेक्षा मी चांगलं सांगतो!

इथं गुजराती मुलखात, पर्वत पाटियाच्या एका साडी मार्केटात माझं फ्रेमचं दुकान आहे. शेजारी मुकेशभाईंचा फोटो स्टुडिओ. मध्ये फक्त काच. त्या काचेतून इतके किस्से माझ्याकडे आलेत, की फ्रेम करायला लागलो तर भिंत पुरायची नाही.

मुकेशभाईंची स्पेशालिटी म्हणजे पॅनोरमा. एका जागी उभं राहायचं, कॅमेरा हळूहळू फिरवत दहा-बारा फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर कडेला कडा जोडून एकच लांबलचक फोटो करायचा. जोडायचं काम छायाचं. ती लिंबायतची, आमच्या खान्देशातली, जिभेला धार. सॉफ्टवेअर मात्र जुनं. ते फाइलच्या नावाच्या क्रमाने फोटो जोडतं, स्वतःचं डोकं लावत नाही.

आणि नावं कोण देणार? मुकेशभाई! कॅमेऱ्याने दिलेले नंबर त्यांना पसंत नाहीत. "नंबर कैद्याला देतात, बेन. फोटोला नाव पाहिजे!"

*

एका बिल्डरच्या साइटचा पॅनोरमा काढला. नेमकी एक गाय कॅमेऱ्यासमोरून चालत गेली. मुकेशभाईंनी जे दिसलं ते नाव दिलं: 'गाय', 'गाय पुढे', 'गाय गेली', 'गाय परत'.

कॉम्प्युटरने अक्षरं लावून क्रम केला. गाय आली, लगेच गेली, मग परत आली आणि शेवटी पुढे निघाली! बिल्डिंगचा जिना हवेत लटकला, गच्ची पार्किंगच्या बाजूला गेली, आणि समोर तीन गाई उभ्या.

छायाने कपाळाला हात लावला. मुकेशभाई स्क्रीनकडे बघून दचकले. "तीन? तीन नहीं चालशे! अपशकुन छे. अजून एक गाय टाक!"

जिन्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. छायाने चौथी गाय चिकटवली. बिल्डर आला, बराच वेळ बघत राहिला आणि खूश होऊन गेला. फोटो त्याने ब्रोशरवर छापला, खाली लिहिलं: 'निसर्गाच्या सान्निध्यात'. जिना अजून हवेतच आहे. फ्लॅट सगळे गेले म्हणतात.

*

मग नवागामचं एक लग्न. दोन्हीकडची सगळी भावकी एका फोटोत पाहिजे, अशी वरबापाची अट. मुकेशभाईंनी नावं दिली: 'मुलाकडचे', 'मुलीकडचे', आणि नवरा-नवरीच्या फोटोला 'स्टेज'.

अक्षरांच्या हिशोबाने मुलाकडचे पहिले, मुलीकडचे त्यांच्यामागे, आणि 'स्टेज' सगळ्यात शेवटी. नवरा-नवरी मांडवाच्या पार टोकाला, आमंत्रण नसताना जेवायला आल्यासारखी उभी!

वरबाप फोटो घेऊन भांडायला आला. छायाने त्याला शांतपणे विचारलं, "काका, रुसवेफुगवे, मानपान, आहेर. यात त्या दोघांना कुणी काही विचारलं होतं का?"

फोटो माझ्याकडे फ्रेमला आला. सोनेरी पट्टीत.

*

पण त्यानंतर छाया अडून बसली. "भाई, आजपासून नंबर! एक, दोन, तीन."

मुकेशभाईंनी नाइलाजाने नंबर टाकले. तर ते सॉफ्टवेअर एकनंतर दहा घेई, मग अकरा आणि मग दोन! छाया म्हणाली, "पुढे शून्य लावा. शून्य एक, शून्य दोन."

"शून्याने सुरुवात? धंद्याची?" मुकेशभाईंनी दोन्ही कान पकडले.

छाया माझ्याकडे बघून पुटपुटली, "नाना, हाऊ माणूस येडा शे का?" मग तोंडावर साखर आणून म्हणाली, "भाई, शगुन म्हणून एकशे एकपासून सुरू करू?"

"वाह! एकशे एक! आ थई ने वात!"

तीन आकडी नंबर लागले आणि सगळे फोटो शिस्तीत उभे राहिले. जे शिकवून होत नव्हतं, ते शगुनाने झालं.

*

आता मेन गोष्ट. मार्केटचे प्रमुख घनश्यामकाका; त्यांचंही दुकान इथंच. स्टुडिओच्या गाळ्याचा करार दिवाळीला संपत होता, आणि काकांना तो गाळा आपल्या साल्याला द्यायचा होता. तरी त्यांनी मुकेशभाईंना शेवटचा चान्स दिला. मार्केटच्या नव्या गेटवर सगळ्या दुकानांचा एक भव्य पॅनोरमा लावायचा. "जमलं तर राहा, नाही तर चावी ठेवा."

छायाची झोप उडाली. "नाना, स्टुडिओ गेला तर मी परत घरात बसून साड्यांना स्टोन चिकटवू? फेविकॉलने बोटांची कातडी निघते हो."

फोटो झकास आले. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन... छायाने क्रम लावला आणि जेवायला घरी गेली. तेवढ्यात मुकेशभाई कॉम्प्युटरपाशी आले. शेवटी तीन असलेला नंबर बघून त्यांनी माउसच धरला. इतकं मोठं काम आणि मध्ये तीन? त्यांनी एकशे तीन डिलीट केला! रिसायकल बिनमधूनही काढला, कॅमेऱ्याच्या कार्डातूनही काढला. "अपशकुन घरात कशाला ठेवायचा?"

आणि स्वतःच बटण दाबून फोटो जोडला, प्रिंटला पाठवला.

प्रिंट थेट माझ्याकडे आली, उद्घाटनाच्या सकाळी. छायाने गुंडाळी उलगडली आणि खालीच बसली. "नाना, काकांचं दुकान कुठंय?"

दुकान नव्हतं! सॉफ्टवेअरने शेजारचे दोघे ओढून एकमेकांना चिकटवले होते. ज्या दोन शेठांचं वर्षानुवर्षं बोलणं नाही, ते एका शटरखाली नांदत होते.

मुहूर्त टळणार नव्हता. फोटो गेटवर चढला, नारळ फुटला, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. काका चष्मा पुसून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, मग उलटे आले.

"मारी दुकान क्यां छे?"

मुकेशभाई नारळाचे तुकडे गोळा करू लागले.

"दिवाळी पछी चावी आपी देजे," काका म्हणाले आणि पेढा न खाता निघून गेले.

*

दुसऱ्या दिवशी फोटो उतरवायला माणसं यायची होती. त्यांच्याआधी आले महापालिकेचे ओटे मोजणारे साहेब!

दुकानापुढचा ओटा रस्त्यावर वाढवणं हा आमच्या मार्केटचा रिवाज. पावसाळा झाला की ओटा हातभर पुढे येतो. काकांचा ओटा सगळ्यांच्या पुढे. त्यावर रिक्षा उभी राहील.

साहेब गेटवर थांबले. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा फोटोकडे, आणि पंख्याखाली खुर्ची मागवली. "सगळं इथंच दिसतंय की!"

चहा पीत पीत, फोटोवर बोट ठेवून, एकेका दुकानाची नोटीस लिहिली. काकांना नोटीस नाही. फोटोत दुकानच नाही, तर ओटा कुठून येणार?

संध्याकाळी काका स्टुडिओत आले. हातात मिठाईचा, म्हणजे घारीचा बॉक्स. "मुकेश, चावी तारी पासेज राख." छायाला स्वतःच्या हाताने घारी दिली. साल्याचं नावही काढलं नाही.

सकाळी मी शटर उघडलं, तर स्टुडिओपुढे रांग! सगळे शेठ. शेजारचे ते दोघेही, एकमेकांना धक्के देत. पहिल्याने काचेवर टकटक केली. "बेन, नवो फोटो क्यारे? मने त्रण नंबर आपजो!"

मागून सगळे ओरडले, "मने! मने!"

छाया काउंटरवर उभी राहिली. "ओ शेठ, लाइनमध्ये या! तीन नंबर एकालाच मिळतो!"

*

आता आईची शपथ घेतलीय, तर सांगून टाकतो. चौथी गाय माझ्या पदरची.

रांग खरी आहे.