डावी पाकळी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि आता सांगायला तो राहिला नाही. मुलाला सांगून उपयोग नाही — तो गोव्यात नोकरीला, म्हणेल, आई, सोड आता. सुटलं असतं तर मी कधीच सोडलं असतं. मी तशी गोष्टी उगाळत बसणारी बाई नाही.

आम्ही गुरव. मालवणजवळच्या आमच्या गावात देवीच्या पूजेची पाळी आमच्या घराकडे आहे. देवीला सगळा गाव आई म्हणतो, आवस म्हणतो. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हापासून ती मीच करते. पूजा, नैवेद्य, झाडलोट — आणि कौल. देवीच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, भावाभावांतली भांडणं — गाव अजूनही या पाकळ्यांवर चालतं.

जत्रेला पहिल्या दिव्याचं तेल द्यायचा मान एका ख्रिस्ती घराचा होता. त्यांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून पळून आले, या गावाने थारा दिला, म्हणून ते तेल — असं माझी सासू सांगायची. त्या घरची फिलोमिना माझ्याच वयाची. घरच्या माडांच्या खोबऱ्याचं तेल काढून तांब्यातून आणायची, पायरीशी उभी राहायची. मी घ्यायचे आणि दिव्यात ओतायचे. एवढंच.

मग देवळाचा जीर्णोद्धार निघाला. वाईट झालं असं कसं म्हणू? गळकं छप्पर गेलं, पोरं आरत्या पाठ म्हणायला लागली. समितीच्या सभेत मला पुढे खुर्ची मिळाली — एरवी गुरवाच्या बायकोला खुर्ची कोण देतो? त्याच सभांत जुनी दुखणी निघू लागली. पोर्तुगीजांनी पाडलेली देवळं, बाटवलेली माणसं. ते घडलं होतं, जखम खोटी नाही. पण तिचा जाब फिलोमिनाला विचारायचा? जिचे पूर्वजच त्या जाचातून पळून आले होते? हे मला तेव्हाच सुचलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या सुचलं होतं. मी बोलले नाही.

शेवटी ठरलं, देवीलाच विचारू — हे तेल घ्यायचं की नाही.

जत्रेच्या सकाळी मी गाभाऱ्यात, बाहेर सगळा गाव. फिलोमिना तांब्या धरून नेहमीच्या जागी. समितीचा अध्यक्ष बाबल, मुंबईहून निवृत्त होऊन आलेला — त्याने गाऱ्हाणं घातलं, देवीपुढे प्रश्न मांडला. मी पाकळ्या लावल्या.

एकही पडली नाही.

असं होतं कधी कधी. मग बाहेर येऊन सांगायचं असतं की आज देवी बोलत नाही. सासूने मला हे सगळ्यात आधी शिकवलं होतं.

“काकी, पडली काय?” बाबल ओरडला.

“आयेक खंय मुंबयची गाडी पकडूची आसा?” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

“अरे, पण माका जेवणाची पंगत बसवची आसा!” बाबल म्हणाला. “काकी, बघ गो!”

माझी कंबर धरली होती. पाकळ्या तशाच. बाहेर जाऊन काय सांगायचं — देवीला काही म्हणायचं नाही? त्यांना ते चाललं असतं का? मग खुर्ची राहिली असती का? — मी करंगळी पाकळीला लावली.

“पडली,” मी म्हटलं.

“खंयची?”

“डावी.”

फिलोमिना भांडेल असं मला वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने तांब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “आवशीन सांगल्यान, मगे झाला.” घरी गेली. तिच्याइतका विश्वास त्या दिवशी देवळात कोणाचा होता? माझा तर नव्हताच.

देवीला उत्तर द्यायचं नव्हतं, की तो प्रश्नच तिचा नव्हता? मला माहीत नाही. तिला मी गप्प राहू दिलं नाही, एवढं माहीत आहे. आजही कौल लावते. पाकळ्या पडतात, लोक समाधानाने घरी जातात. मला मात्र नुसत्या दगडासमोर बसल्यासारखं वाटतं.

परवा फिलोमिना मासळीबाजारात भेटली. थकली आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “एक विचारू गो? त्या वर्षी तेल काढताना माझ्या हातान काय चुकला आसतला? आई माझ्यार कित्याक रागावली?” वर्षानुवर्षं ती हे स्वतःला विचारत असणार.

“तसा काय नसता गो,” मी म्हटलं. मग मासेवालीला बांगडे कापून द्यायला सांगितले आणि पिशवी पुढे धरली.